फोटोत रंग खरा यावा म्हणून : व्हाइट बॅलन्सची साधने आणि पद्धत

येवल्याच्या पैठणीचा मोरपंखी रंग फोटोत निळा उतरला किंवा अंजिरी रंगाला तपकिरी झाक आली, की घरबसल्या साडी मागवणारे गिऱ्हाईक पार्सल उघडताच नाराज होते. खोट साडीत नसते आणि बहुतेक वेळा कॅमेऱ्यातही नसते. ज्या उजेडात फोटो काढला त्या उजेडाचा रंग कॅमेऱ्याला नीट कळलेला नसतो, आणि तो कळवणे म्हणजेच व्हाइट बॅलन्स. साधन महाग आहे की स्वस्त, यापेक्षा रंगाची कोणतीही झाक नसलेला करडा पृष्ठभाग नेमक्या वस्तूवरच्या उजेडात ठेवून मोजला की नाही, याला मी अधिक महत्त्व देतो. म्हणून आधी उजेड पाहू आणि मग साधने.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. पिवळा बल्ब साधारण २,७०० ते ३,००० केल्विन, दुपारचे ऊन ५,२०० ते ५,५००, ढगाळ आकाश ६,००० ते ६,५०० आणि उघड्या आकाशाखालची सावली ७,००० च्या पुढे असते. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. कॅमेऱ्यात मात्र आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो आणि नवखे लोक इथेच गोंधळतात. कारण सरळ आहे : आपण कॅमेऱ्याला ‘उजेड निळसर आहे’ असे सांगतो, तेव्हा तो तोल साधण्यासाठी पिवळा मिसळतो. केल्विनशिवाय हिरवा आणि किरमिजी यांच्यामधला दुसरा अक्षही असतो, त्याला टिंट म्हणतात. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी यांच्याखाली चेहरे हिरवट दिसतात ते या दुसऱ्या अक्षामुळे, आणि नुसते केल्विन बदलून तो दोष जात नाही.

पहिली पायरी : उजेड एकाच प्रकारचा ठेवा

दुकानात समोरून दिवसाचा उजेड, वर ट्यूबलाइट आणि कपाटात पिवळे स्पॉटलाइट असे तिन्ही एकदम असतील, तर साडीच्या एका घडीवर एक रंग आणि दुसऱ्या घडीवर दुसरा रंग पडतो. संपूर्ण फोटोला एकच दुरुस्ती लावणारे मोजमापाचे कोणतेही करडे कार्ड अशा वेळी उपयोगी पडत नाही. म्हणून आतले दिवे बंद करून उत्तरेकडच्या खिडकीशी बसावे, किंवा पडदे लावून ९५ च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) असलेले एकाच जातीचे एलईडी वापरावेत. गुलाबी भिंत किंवा निळी ताडपत्री जवळ असेल तर तिचाही रंग कापडावर सांडतो. तिच्यावर पांढरी चादर टाकावी.

दिंडोरी किंवा निफाडकडच्या द्राक्षबागेत हीच गोष्ट फार स्पष्ट दिसते. मांडवाखाली लोंबणाऱ्या घडावर पानांमधून गाळून आलेला हिरवट उजेड पडतो आणि दोन पावलांवरच्या बांधावर लख्ख ऊन असते. बांधावर मोजलेला व्हाइट बॅलन्स घडाला लावला तर मणी आहेत त्यापेक्षा हिरवे दिसतात. कार्ड घडाला खेटून, मांडवाच्या आतच धरावे. तसे केल्यावर मागची उन्हातली पाने किंचित किरमिजी होतील, पण खरेदीदाराला मण्यांचा रंग पाहायचा आहे, पानांचा नव्हे.

दुसरी पायरी : साधन निवडा

झेरॉक्सचा पांढरा कागद सगळ्यांच्या हाताशी असतो, तरीही मी तो वापरण्याच्या विरोधात आहे. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घालतात. ती उन्हातल्या अतिनील किरणांमुळे निळसर प्रकाश देतात, त्यामुळे कॅमेऱ्याला उजेड आहे त्यापेक्षा निळा वाटतो आणि फोटो पिवळट निघतो. एलईडीखाली तोच कागद वेगळा वागतो, म्हणजे चुकीतही सातत्य नाही.

बहुतेकांना प्लॅस्टिकचे ग्रे कार्ड पुरते. मात्र १८ टक्के परावर्तनाचे जुने कार्ड मुळात एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, मोजण्यासाठी असते आणि ते रंगाच्या बाबतीत तटस्थ असेलच असे नाही. म्हणून खास व्हाइट बॅलन्ससाठी बनवलेले कार्ड घ्यावे. लेन्सवर बसणारी पांढरी डिस्कही मिळते. ती लावून वस्तूच्या जागी उभे राहायचे आणि उजेडाकडे कॅमेरा वळवून मोजमाप घ्यायचे. लग्नसमारंभात, जिथे कार्ड धरायला माणूस नसतो, तिथे ही डिस्क सोयीची पडते.

साड्यांचा कॅटलॉग करणाऱ्याने मात्र १९७६ पासून वापरात असलेला २४ चौकटींचा कलरचेकर (ठरलेल्या रंगांचे कार्ड) घ्यावा. व्हाइट बॅलन्सने करडा रंग करडा होतो, पण राणी किंवा जांभळ्यासारख्या गडद रंगांमध्ये कॅमेऱ्याची स्वतःची चूक शिल्लक राहते. चेकरच्या फोटोवरून त्या कॅमेऱ्याची प्रोफाइल (त्याच्या रंगांतल्या चुका सुधारणारी फाइल) बनवली की तीही बरीच कमी होते.

तिसरी पायरी : मोजमाप घ्या

साडी ज्या पातळीत पसरली आहे त्याच पातळीत कार्ड ठेवावे, त्यावर स्वतःची सावली किंवा चमक पडू देऊ नये आणि फ्रेमचा मधला भाग कार्डाने भरून घ्यावा. एक्स्पोजर इतके ठेवावे की लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकही आलेख (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम) उजव्या कडेला आपटणार नाही, नाहीतर मोजमापच खोटे येते. कॅननमध्ये आधी कार्डाचा फोटो काढून तो कस्टम व्हाइट बॅलन्सच्या मेनूत निवडावा लागतो. निकॉनमध्ये ‘प्री’ हा पर्याय घेऊन थेट मोजता येते. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये केल्विनचा आकडा स्वतः ठरवावा. तो ऑटोवर सोडला तर लाल साडीनंतर हिरवी साडी ठेवताच फोन आपला अंदाज बदलू शकतो.

चौथी पायरी : रॉमध्ये काढा आणि नंतर ड्रॉपर वापरा

रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलमध्ये, व्हाइट बॅलन्स ही फक्त एक नोंद असते, ती नंतर कशीही बदलता येते. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या नेहमीच्या फोटोत, ती रंगांत मुरलेली असते आणि मोठा बदल केल्यास रंग फाटतात. प्रत्येक उजेडात पहिला फोटो कार्डासह काढावा, लाइटरूम किंवा फुकट मिळणाऱ्या डार्कटेबल या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉपरने (रंग उचलणाऱ्या साधनाने) कार्डावर टिचकी मारावी आणि तीच दुरुस्ती पुढच्या सर्व फोटोंना लावावी. चेकर असेल तर पांढऱ्याऐवजी त्याच्या शेजारची फिकट करडी चौकट घ्यावी.

कार्ड नसताना ड्रॉपर कशावर ठेवू नये, हेही लक्षात असू द्यावे. काळाराम मंदिराचा पाषाण करडा वाटतो, पण दगडाला स्वतःची झाक असते. पैठणीची रुपेरी जर तर आरशासारखी आजूबाजूचे रंग दाखवते. धूपछाव साडीत ताण्याचा आणि बाण्याचा रंग वेगळा असल्याने कोन बदलताच छटा बदलते. तिथे व्हाइट बॅलन्स बदलत बसू नये, त्याऐवजी दोन कोनांतले दोन फोटो द्यावेत.

रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीला मात्र कार्डाचा हिशेब लावू नये. ज्योतीचा उजेड सुमारे १,९०० केल्विनचा असतो आणि तो पूर्ण दुरुस्त केला तर आरती पांढरीफटक दिसते. ३,५०० ते ४,००० च्या दरम्यान ठेवल्यास सोनेरीपणा टिकतो आणि चेहरेही केशरी होत नाहीत.

शेवटची तपासणी

संपादनापूर्वी पडद्याचा नाइट मोड आणि आपोआप रंग बदलणारी सोय बंद करावी. शक्य असल्यास कॅलिब्रेटरने (पडद्याचे रंग मोजून जुळवणाऱ्या यंत्राने) मॉनिटर ६,५०० केल्विनवर आणावा. मग साडी खिडकीच्या उजेडात पडद्याशेजारी धरून फोटोशी ताडून पाहावी आणि फाइल एसआरजीबी या कलर स्पेसमध्येच (रंग नोंदवण्याच्या पद्धतीत) बाहेर काढावी, कारण दुसऱ्या कलर स्पेसमधली फाइल काही अ‍ॅपमध्ये फिकी दिसते.