लात्व्हियन विशेषण कसे अभ्यासावे : ‘जीव्स’ या एका शब्दावरून

लात्व्हिया देशाच्या लात्व्हियन भाषेतील विशेषणांचे तक्ते पाठ करत बसण्यापेक्षा एकच विशेषण निवडून त्याची रूपे वाक्यांतून ओळखीची करून घ्यावीत, आणि मराठी भाषकाने त्यासाठी ‘जीव्स’, म्हणजे ‘जिवंत’, हाच शब्द घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रथम उच्चार पक्का करावा. यातला ‘ज’ आपल्या ‘जीव’मधला नसून ‘जाड’मधला आहे, त्याला दीर्घ ‘ई’ जोडायची आहे, आणि ‘स’च्या आधीचा ‘व’ जवळजवळ ‘उ’सारखा ऐकू येतो. ‘झिव्स’ म्हणजे मासा हा शब्द अगदी शेजारचा असल्याने आरंभीचे व्यंजन आणि ऱ्हस्व-दीर्घ यांकडे दुर्लक्ष केल्यास अर्थच बदलतो.

संस्कृत ‘जीव’शी असलेले साम्य योगायोगाचे नाही, पण ती उसनवारीही नाही. लिथुएनियन ‘गीवस’, लॅटिन ‘वीवुस’ आणि रशियन ‘झिवोय’ हे शब्दही त्याच आद्य भारोपीय, म्हणजे या साऱ्या भाषांच्या प्राचीन मूळ भाषेतल्या, शब्दातून आलेले आहेत. मूळ व्यंजन ‘ग’च्या जातीचे होते आणि लिथुएनियनमध्ये तो ‘ग’ आजही टिकून आहे; पुढे येणाऱ्या ‘ई’मुळे संस्कृतात त्याचा ‘ज’ झाला, तर लात्व्हियनमध्ये त्याच प्रकारच्या कारणाने, पण स्वतंत्रपणे आणि फार नंतर, ‘जाड’मधला ‘ज’ झाला.

आता रूपांकडे वळावे. मराठीत ‘जिवंत’ हे विशेषण बदलत नाही. लात्व्हियनमध्ये मात्र ते नामाचे लिंग, वचन आणि विभक्ती यांप्रमाणे बदलते. लिंगे दोनच आहेत: ‘सुन्स इर जीव्स’ म्हणजे कुत्रा जिवंत आहे, आणि मासा तेथे स्त्रीलिंगी असल्याने ‘झिव्स इर जीवा’. ‘जिवंत माशाला’ म्हणायचे तर नाम आणि विशेषण दोन्ही चतुर्थीत जातात: ‘जीवाइ झिविय’.

खरी कसोटी आहे ती निश्चित आणि अनिश्चित रूपांची, म्हणून येथे घाई करू नये. लात्व्हियनमध्ये उपपदे, म्हणजे इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारखे शब्द, नाहीत. कोणता तरी एक की ठरलेला तोच, हा भेद विशेषणाचा प्रत्यय सांगतो. ‘जीव्स सुन्स’ म्हणजे कोणता तरी जिवंत कुत्रा, तर ‘जीवाइस सुन्स’ म्हणजे तो ठरावीक जिवंत कुत्रा. स्त्रीलिंगी प्रथमेत हा भेद केवळ शेवटच्या स्वराच्या लांबीवर उभा आहे: ‘जीवा झिव्स’ अनिश्चित, ‘जीवाऽ झिव्स’ निश्चित. ‘हा’, ‘तो’ अशा दर्शक सर्वनामांनंतर निश्चित रूपच येते, उदाहरणार्थ ‘शी जीवाऽ झिव्स’. ही निश्चित रूपे प्राचीन काळी विशेषणामागे जोडल्या जाणाऱ्या एका सर्वनामापासून घडली आहेत, हे ध्यानात ठेवले की त्यांचे लांब प्रत्यय अनाकलनीय वाटत नाहीत.

तरभाव, म्हणजे ‘अधिक’ दाखवणारे रूप, ‘जीवाऽक्स’ आणि तमभाव, म्हणजे ‘सर्वांत अधिक’ दाखवणारे रूप, ‘विसजीवाऽकाइस’. येथे अर्थ ‘जिवंत’पेक्षा ‘चैतन्यपूर्ण’कडे झुकतो.

शेवटी या विशेषणाच्या गोतावळ्यातले शब्द वहीत उतरवावेत: ‘जीवुओत’ म्हणजे जगणे आणि एखाद्या ठिकाणी राहणेही, ‘जीवुओक्लिस’ म्हणजे सदनिका, ‘जीव्निएक्स’ म्हणजे प्राणी, आणि ‘जीव्सुद्रब्स’, शब्दशः ‘जिवंत चांदी’, म्हणजे पारा. ‘जीवे’ आणि ‘जीवीबा’ मात्र वेगळे ठेवावेत, कारण पहिला शब्द माणूस जगतो त्या आयुष्यासाठी येतो, तर दुसरा मृत्यूच्या विरुद्ध असलेल्या प्राणासाठी.