किल्टच्या चुण्या चालताना डोलाव्यात म्हणून

किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधले पुरुषांचे, अंगाभोवती गुंडाळायचे, गुडघ्यापर्यंतचे चुणीदार वस्त्र. त्याचे सौंदर्य पाठीमागे असते. पुढचे दोन्ही पदर सपाट. डोलतात त्या मागच्या चुण्या. कमरेपासून नितंबांपर्यंत त्या शिवून बसवलेल्या असतात, खाली मोकळ्या. वरचा भाग अंगाला चिकटून बसला तरच कमरेची हालचाल खालच्या काठापर्यंत पोचते. सैल किल्ट नुसता अंगाभोवती फिरतो.

नव्या किल्टच्या चुण्यांवर कच्चे टाके असतील तर ते आधी उसवा. ते राहून गेले तर चुण्या उघडतच नाहीत.

किल्ट पँटसारखा खाली नेसू नका, बेंबीच्या उंचीवर घ्या. आधी आतला पदर. त्याचा पट्टा डावीकडच्या फटीतून बाहेर काढून बक्कल लावा. मग वरचा पदर उजवीकडे आणा. कमरेचे पट्टे घट्ट आवळा. उजवीकडे नितंबावर दुसरा पट्टा असेल तर तो मात्र पदर सपाट राहील इतकाच ओढा. इथेच बहुतेकांचे चुकते: तो पट्टा जास्त आवळला की चुण्या उभ्या असतानाच फाकतात आणि चालताना फाकायला काही उरत नाही. गुडघे टेकून ताठ राहिल्यावर काठ जमिनीपासून 2-3 सेंमी वर हवा.

पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदर एकत्र टोचले तर पाऊल अडते आणि कापड फाटू शकते. स्पोरनची (पुढे लटकणाऱ्या छोट्या पिशवीची) साखळी मागे शिवलेल्या भागावरच राहू द्या. घसरली तर मोकळ्या चुण्या दाबते.

आता चाल. पाठ ताठ, खांदे सैल, हात मोकळे. टाच आधी टेकवा, पाऊल नेहमीपेक्षा किंचित लांब टाका आणि लय एकसारखी ठेवा. कंबर मुद्दाम हलवू नका. पावलाबरोबर ती आपोआप वळते, तेवढे पुरते. नीट पाहिले तर दिसेल: कंबर परत फिरू लागलेली असते, तरी चुण्यांची टोके अजून आधीच्याच बाजूला जात असतात. त्या मागे राहण्यातच डोल आहे. भरभर, तोकडी पावले टाकली तर चुण्यांना तेवढा वेळच मिळत नाही, त्या नुसत्या थरथरतात.

कापडाचे वजनही बघा. 8 यार्डांचा, यार्डाला 16 औंस वजनाच्या लोकरी टार्टनचा (रंगीत चौकटींच्या कापडाचा) किल्ट थोड्या हालचालीनेही छान झुलतो. 10-11 औंसाचे कापड वाऱ्यावर उडते, पण त्याला तो भारदस्त झोका येत नाही.

बसताना तळहाताने चुण्या मागून खाली सपाट करत बसा. चुरगळल्याच तर ओलसर कापड ठेवून इस्त्री दाबा आणि उचला. घासू नका, घडी सरकते. जमले की नाही ते पाहायला कुणाला तरी मागून मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा, आरशात ते दिसत नाही.