फियाटचं इंटिरिअर घरी करताय? मग या चुका टाळा

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी (म्हणजे आपली जुनी फियाटच) टॅक्सी गेली आणि अख्ख्या महाराष्ट्राला एकदम आपापल्या वडिलांची, मामांची, शेजारच्या डॉक्टरांची फियाट आठवली. तेव्हापासून महिन्याकाठी एखादा तरी मुलगा माझ्याकडे येतो. गाडी घेऊन झालेली असते, रेक्झीनचा रंग ठरलेला असतो. "काका, सीटपासून सुरुवात करतोय."

मी विचारतो, "पाणी कुठून येतं ते बघितलंस का?"

"नाही काका, पाऊस अजून लांब आहे ना."

ही पहिली चूक. बाकीच्या सगळ्या हिच्या पोटी जन्माला येतात.

ओल्या पत्र्यावर नवं कार्पेट

फुशारकी मारत नाही, ही चूक मी स्वतः केलेली आहे. गाडी ७७ ची, साल २००६. मे महिन्यात जुनं रबरी मॅट आणि त्याखालचा नमदा, म्हणजे जाड फेल्टचा थर, काढून फेकला. पत्र्यावर गंज होता, पण "वरवरचा" होता. (गंज नेहमी वरवरचाच असतो, बघणाऱ्याला घाई असली की.) पॉलिश पेपर फिरवल्यासारखं केलं, रेड ऑक्साईडचा एक हात मारला, वर डांबरी शीट, त्यावर नवा नमदा आणि त्यावर मरून कार्पेट. सोसायटीतल्या लोकांनी वाकून वाकून बघितलं.

गणपतीत मूर्ती आणायला निघालो, तर बायको म्हणाली, "गाडीत काहीतरी मेलंय." उंदीर शोधला, सापडला नाही. मग सुगंधी डबी ठेवली. दसऱ्याला गाडी धुताना कार्पेटचा कोपरा उचलला, तर खालचा नमदा पिळता येईल इतका ओला. क्लचखाली पाय टेकतो तिथे स्क्रू ड्रायव्हर जरासा दाबला, तो पत्र्यातून आरपार जाऊन पार्किंगच्या फरशीवर वाजला. डांबरी शीटने वरून पाणी अडवलं नव्हतं, खाली शिरलेलं धरून ठेवलं होतं. कार्पेट कचऱ्यात गेलं, टिंकरने (पत्र्याचं काम करणाऱ्याने) पत्रा कापून नवा जोडला, आणि वेल्डिंगच्या ठिणगीने शेजारच्या दरवाजाच्या पॅडला भोक पडलं ते वेगळंच.

पाणी येत होतं पुढच्या काचेच्या रबरातून. रबर वाळून पापडासारखं झालेलं. पाणी डॅशबोर्डच्या मागून पत्र्याच्या कडेने उतरायचं आणि कार्पेटच्या खालून पसरायचं, त्यामुळे वरून सगळं कोरडं दिसायचं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. मॅट, नमदा, सगळं काढायचं. उघड्या पत्र्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरायची. एकाने बाहेरून नळी धरायची, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. पाणी खालून वर चढवायचं: आधी दरवाजे, मग काचेची खालची कड, मग वरची, शेवटी टप. एकदम वरून धबधबा सोडला, तर कुठून शिरलं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. पेपर जिथे पहिल्यांदा काळा पडेल तिथून वर माग काढायचा. अर्धा दिवस जातो. ज्याला अर्धा दिवस जड वाटतो, त्याने गाडीचं पोस्टर घ्यावं.

टपाचं लायनिंग थेट पत्र्याला चिकटवणं

याच्यावर माझा खास राग आहे. या गाडीचं मूळ लायनिंग टपाला चिकटवलेलं नसतं. ते आडव्या तारांच्या कमानींवर टांगलेलं असतं, फक्त कडा चिकटवलेल्या. शॉर्टकटवाले कमानी भंगारात देतात आणि फोम लावलेलं कापड सोल्युशनने सरळ टपाला मारतात. दिवाळीत फोटो छान येतात. मे महिन्यात टप तापतो, सोल्युशन सुटतं, फोमचा भुगा होतो आणि कापड मांडवासारखं डोक्यावर येतं. मग पुढचा मालक कमानी शोधत पुण्याची नाना पेठ आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, हे गाड्यांच्या पार्ट्सचे बाजार पालथे घालतो.

कमानी काढताना प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून पुढून मागे नंबर टाका, आणि डावं-उजवंही लिहा. सगळ्या सारख्या दिसतात, पण प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी "लक्षात राहील" म्हणून नंबर टाकले नाहीत. दोन रविवार ते आणि त्यांचा मुलगा गाडीत उताणे पडून कमानी अदलाबदल करत होते. शेवटी जे लागलं त्याला मधोमध कायमची सुरकुती आहे. गाडीत कुणी बसलं की ते आधीच सांगतात, "वर बघू नका."

लायनिंगची पुढची कड काचेच्या रबराखाली जाते. म्हणजे काच काढावीच लागते, आणि काच निघालीच आहे तर रबर नवंच घाला. जुनं रबर परत बसवून वरून सिलिकॉन फासणाऱ्यांशी मी बोलत नाही. काच बसवायला सुतळी पुरते. रबर काचेवर चढवा, पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत सुतळी फिरवा, टोकं आत ठेवा, साबणाचं पाणी लावा. एकाने बाहेरून तळव्याने दाबायचं, दुसऱ्याने आतून सुतळी हळूहळू ओढायची. रबराची जीभ पत्र्यावर आपोआप चढते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलंत तर काच जाते.

बाकीच्या, भराभर

डॅशबोर्डला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढा. हे सांगावं लागतं याचंच आश्चर्य वाटतं.

सगळे स्क्रू एका डब्यात टाकू नका. मी दरवाजागणिक वेगळी पिशवी करतो, आत चिठ्ठी घालतो.

दरवाजाचं पॅड काढल्यावर मागचा प्लास्टिकचा कागद "कचरा" म्हणून फेकतात. काचेवरचं पाणी दरवाजाच्या आत उतरणारच. तो कागद नसेल तर पॅडचा नवा हार्डबोर्ड एका पावसात फुगतो. जाड प्लास्टिक लावा, हार्डबोर्डच्या पाठीला ऑईलपेंटचे दोन हात मारा आणि दरवाजाच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा.

काच खालीवर करायचं हँडल ओढून निघत नसेल तर जोर लावू नका, मागे काहीतरी अडकवलेलं असतं. आधी बघा, मग ओढा.

सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की मग जोडा. ओलं असताना जोडणारे दर दोन मिनिटांनी कडा दाबत बसतात.

रेक्झीन एकाच रोलमधून घ्या, मीटरभर जास्त घ्या. पुढच्या महिन्यात "सेम" म्हणून मिळतं ते सेम नसतं. ताणण्याआधी अर्धा तास उन्हात ठेवा.

आणि आता सीट. जुनं कव्हर उसवलंत तरी नवं शिवून, चढवून होईपर्यंत कुशनवाल्याला फेकू देऊ नका, माप तेच. बैठकीला मऊ फोम घालून घेतलात तर दुकानात गादीवर बसल्यासारखं वाटेल आणि खंडाळ्यापर्यंत स्प्रिंगा मोजता येतील. मी बैठकीला ४० डेन्सिटीचा, म्हणजे दाट फोमच घालतो. स्प्रिंगांवर आधी गोणपाट, मग फोम.

बकेट सीटचं, म्हणजे पुढे दोघांना वेगवेगळ्या सीटचं, विचारू नका. गिअर स्टीअरिंगपाशी आहे तो पुढे तिघं बसावीत म्हणून. मधे बसून मी लहानपणी पुण्याहून साताऱ्याला गेलेलो आहे.