आधी फिल्टर पिकवा, मग मासे सोडा

नव्या टाकीत पहिल्या काही दिवसांतच मासे मरतात ते बहुतेकदा अमोनियाने, म्हणजे माशांच्याच घाणीतून पाण्यात साठणाऱ्या विषाने. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर अजून रुजलेलेच नसतात. ते आधी रुजवणं म्हणजेच फिल्टर पिकवणं.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते इथे सोयीचंच. उघड्या पिंपात 24 तास ठेवलेलं पाणी भरा, क्लोरीन उडून जातो. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा. जिवाणूंना खाद्य म्हणून 100 लिटरला 0.6 ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड टाका. अमोनिया सुमारे 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) होतो. कल्हईचा नवसागर तेच रसायन, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते, तो नको. दर दोन दिवसांनी टेस्ट किटने तपासा, शून्यावर आला की पुन्हा तेवढाच डोस. मध्ये नायट्राइट चढेल; जिवाणू अमोनियापासून ते बनवतात आणि तेही माशांना विषारीच. थांबा, घाई नको. डोसनंतर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की निम्मं पाणी बदलून थोडेच मासे सोडा.

याला 4 ते 6 आठवडे लागतात. निरोगी जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळाला तर बरंच लवकर होतं. तो त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा, नळाखाली अजिबात धुऊ नका.

वीज दोन-तीन तासांहून जास्त गेली तर स्पंज बंद फिल्टरमधून काढून टाकीत मोकळा सोडा. आत ऑक्सिजन संपला की जिवाणू मरतात.