ऑफ-रोड गाडीत एअर कॉम्प्रेसर बसवताय? या चुका टाळा

वाळूत किंवा खडकाळ वाटेवर उतरताना टायरमधली हवा कमी करायची आणि पक्क्या रस्त्याला लागताना पुन्हा भरायची, त्यासाठी गाडीतच कायमचा कॉम्प्रेसर असणं ही फार मोठी सोय आहे. पण बसवून थोडे दिवस झाले की 'फ्यूज उडतोय', 'पंप मध्येच बंद पडतो', 'दाब टिकत नाही' अशा तक्रारी सुरू होतात आणि खापर कॉम्प्रेसरवर फुटतं. बहुतेक वेळा कॉम्प्रेसर ठणठणीत असतो. घोळ असतो त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरीत, तो बसवलाय त्या जागेत किंवा पुढच्या नळ्या-जोडांत.

टाकीकडून भलती अपेक्षा

'हवेची टाकी लावली की चारही टायर झटक्यात भरतील' हा समज खर्चात पाडतो. हिशोब करून बघा. ३५ इंची टायरच्या पोटात ढोबळमानाने १०० लिटर जागा असते. तो १५ पीएसआयवरून (टायरचा दाब मोजायचं नेहमीचं एकक) ३५ वर न्यायचा म्हणजे २० पीएसआय, साधारण १.४ बार वाढवायचे. त्याला बाहेरची जवळजवळ १४० लिटर हवा लागते. १० लिटरची टाकी १० बारवरून ३ बारपर्यंत रिकामी केली तर त्यातून निघते ७० लिटर. एका टायरचं काम जेमतेम अर्धं होतं, बाकी सगळं कॉम्प्रेसरलाच करायचं असतं.

टाकीचा खरा उपयोग एअर लॉकरला (एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, हवेवर चालणारं लॉक), हॉर्नला किंवा एअर गनने फिल्टर झटकायला. फक्त टायर भरायचे असतील तर तोच पैसा जास्त हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरवर घाला. मात्र खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा शून्य दाबाला मोजलेला असतो. ३० पीएसआयला किती हवा मिळते ते बघा. ड्यूटी सायकल, म्हणजे न थांबता किती वेळ चालू शकतो, तेही तपासा. ३३ टक्के म्हणजे अर्ध्या तासात सुमारे १० मिनिटं चालणं आणि बाकी वेळ विश्रांती. चार मोठे टायर एका दमात भरायला ते पुरत नाही.

वायर बारीक, अर्थिंग कच्चं

सगळ्यात जास्त कॉम्प्रेसर इथे मरतात, म्हणून इथे घाई करू नका. दोन सिलिंडरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर भर दाबावर ५० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढू शकतो. समजा बॅटरीपासून कॉम्प्रेसर ४ मीटर लांब आहे आणि ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली. जाणं-येणं धरून ८ मीटर वायरीत १.२ व्होल्ट तिथल्या तिथे जिरतात. त्यात गंजका लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि रंगावर कसलेलं अर्थिंग धरलं की मोटरपर्यंत जेमतेम ११ व्होल्ट पोचतात. मोटर मंद फिरते, टायर भरायला जास्त वेळ लागतो आणि तेवढी ती जास्त तापते. तीच वायर १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत येतो.

निगेटिव्ह वायरही तितकीच जाड हवी. ती थेट बॅटरीवर आणणं सर्वात उत्तम. बॉडीवरच घ्यायची असेल तर रंग खरवडून, उघड्या धातूवर दातेरी वॉशर लावून कसा आणि वरून ग्रीस लावा.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात हवा. तो कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. कॉम्प्रेसरपाशी फ्यूज लावला तर मधली सगळी वायर बेवारस राहते. ती कुठे चासीच्या धारेवर घासली तर आग लागेल. पूर्ण करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून नेऊ नका, रिले लावा, म्हणजे छोट्या सिग्नलवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. आणि रिलेचा सिग्नल इग्निशनवरून घ्या. नाहीतर गाडी उभी असताना बारीकशा गळतीने टाकीतला दाब उतरला की आपोआप सुरू होणारा कॉम्प्रेसर रात्रभर चालू-बंद होत राहील आणि सकाळी बॅटरी उतरलेली असेल. हवा भरताना इंजिन चालू ठेवा.

जागा

बोनेटखाली मोकळी जागा दिसली की तिथेच ब्रॅकेट ठोकायचा मोह होतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा टर्बोशेजारी बसवलेला कॉम्प्रेसर गरमच हवा ओढतो, आणि त्याची ड्यूटी सायकल मोजलेली असते साध्या खोलीच्या तापमानाला. चासीखाली बसवला तर चिखल आणि पाणी. तिथेच बसवायचा असेल तर हवा ओढणारा फिल्टर वेगळ्या नळीने वर, कोरड्या जागी न्या. ब्रॅकेट नुसत्या पत्र्यावर कसू नका, तो थरथरून चिरतो.

टाकी बसवण्यासाठी तिच्यावर नवीन कान (बोल्टच्या पट्ट्या) वेल्ड करणं तर पूर्ण टाळाच. ते दाबाचं भांडं आहे. वेल्डिंगने धातूची ताकद बदलते आणि टाकी फुटली तर जीव जाऊ शकतो. पट्ट्यांनी बांधा. सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय टाकी भरू नका.

गाडीला मुळात एअर ब्रेक असतील तर ब्रेकच्या टाकीतून सरळ टी काढून हवा घेऊ नका. आधी प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह हवाच, म्हणजे तुमची नळी फाटली तरी ब्रेकचा दाब शाबूत राहील.

नळ्या आणि जोड

कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा चांगलीच तापलेली असते. पहिला तुकडा स्टीलची जाळी असलेल्या नळीचाच हवा, प्लॅस्टिकची नळी त्यापुढे. घरगुती पाण्याचा पीव्हीसी पाइप कुठेही वापरू नका, तो फुटला की तुकडे होऊन उडतात.

एनपीटी आणि बीएसपी ही आट्यांची दोन वेगळी मापपद्धती. पाव इंची एनपीटी आणि पाव इंची बीएसपी जोड दिसायला सारखे. पण एकाला इंचात १८ आटे, दुसऱ्याला १९, आणि आट्यांचा कोनही वेगळा. दोन वेढे छान बसतात, मग अडकतात; जोर लावला की पितळ चिरतं. टेफ्लॉन टेप लावताना टोकाचे एक-दोन आटे मोकळे सोडा. तिचा एक धागा आत गेला तरी लॉकरचा सोलेनॉइड (विजेवर उघड-मीट होणारा व्हॉल्व्ह) पूर्ण बंद होत नाही. पुश-इन जोडासाठी नळी पात्याने काटकोनात कापा.

बिघाड झालाच तर

वापर नसताना कॉम्प्रेसर सारखा सुरू होतोय? टाकी भरा, इंजिन बंद करा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. कुठेच बुडबुडा नाही आणि तरी दाबाचा काटा उतरतोय, तर चेक व्हॉल्व्हमधून (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) हवा उलटी जातेय.

रिकाम्या टाकीवर व्यवस्थित सुरू होतो, पण अर्धी भरलेली असताना सुरू होताना फ्यूज उडतो? पिस्टनच्या डोक्यावर दाब अडकून राहिलाय. चेक व्हॉल्व्ह किंवा अनलोडर (कॉम्प्रेसर थांबला की डोक्यावरचा दाब सोडणारा भाग) बघा. मोठा फ्यूज टाकून वेळ मारून नेऊ नका.

रिले टकटक वाजतोय? कॉम्प्रेसर चालू असताना मल्टिमीटर त्याच्याच टर्मिनलवर धरा, मग बॅटरीवर. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर वायर आणि अर्थिंग तपासा.

चालतोय पण दाब चढत नाही? आधी फिल्टर काढून बघा, मग सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह आणि पिस्टनची रिंग. आवाज वाढला म्हणून ऑइल-फ्री कॉम्प्रेसरमध्ये तेल सोडू नका, त्याची रिंग कोरडी चालण्यासाठीच बनवलेली असते. भरता भरता मध्येच थांबला तर तापल्यामुळे थर्मल स्विचने वीज तोडलीय. त्याला गार होऊ द्या, स्विच बायपास करू नका.

टाकीत पाणी साठतंच, म्हणून ड्रेन कॉक सर्वात खालच्या बिंदूला हवा आणि तो नियमित उघडायला हवा. कुठलाही जोड खोलण्याआधी त्याच कॉकमधून सगळा दाब सोडा आणि काटा शून्यावर आलाय ना, ते डोळ्यांनी बघा.