घड्याळ पळतंय? आधी मापच तपासा

गिरगावातल्या एका वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीसाठी जुना लिनक्स डेस्कटॉप आहे. त्याचं घड्याळ रोज दीड मिनिट पुढे जायचं. लॅमिंग्टन रोडवरून नवा सेल आणून बसवला, तरी तेच. मग ग्रंथपालबाईंनी मला बोलावलं.

मी पहिला प्रश्न विचारते: वेळ मशीन बंद असताना चुकते की चालू असताना? रात्री बंद केलं आणि सकाळी घड्याळ मागे पडलेलं असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला, काम झालं. चालू मशीनवर चुकत असेल तर सेलचा काही संबंध नाही. फोन शेजारी ठेवून चोवीस तासांचा फरक लिहून काढा. मधे रीबूट करू नका, कारण प्रत्येक बूटला माप नव्याने घेतलं जातं.

हे माप समजून घ्या, सगळी गोम तिथेच आहे. जुन्या प्रोसेसरांत कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, प्रोसेसरचा वेग आयता कळत नाही. बूट होताना तो पीआयटी हा टाइमर लावतो. त्याचे सेकंदाला ११,९३,१८२ ठोके पडतात. ठरावीक ठोक्यांत प्रोसेसरमधला टीएससी हा मोजक किती पुढे सरकला, त्यावरून वेग काढतो. नेमकं त्या वेळी बायोसने, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरने, प्रोसेसर स्वतःच्या कामाला जुंपला, तर आकडा बिघडतो. वेग खऱ्यापेक्षा कमी धरला गेला की घड्याळ पुढे पळतं.

म्हणून मशीन तीनदा बूट करा आणि दर वेळी डीमेसेजमधली (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमधली) 'टीएससी डिटेक्टेड'ची ओळ वहीत उतरवा. आमच्याकडे एकदा २३९१.६ मेगाहर्ट्झ आलं, एकदा २३९४.०, एकदा त्यांच्या मधलंच काही. २.४ चा फरक म्हणजे हजारात एक, आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे रोज सुमारे ८६ सेकंद. हिशेब जुळला. वेळ इंटरनेटवरून जुळवली तरी ते काम करणारं एनटीपी चालत्या घड्याळाला दिवसाला ४३ सेकंदांपर्यंतच हळूहळू ओढू शकतं, म्हणून तेही पुरत नव्हतं.

एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती देणारी कमांड दाखवते तो ८०० ते २४०० मध्ये हलणारा आकडा मात्र बिघाड नव्हे, ती वीजबचत आहे. प्रोसेसरच्या फ्लॅग्जमध्ये, म्हणजे क्षमतांच्या यादीत, 'कॉन्स्टंट टीएससी' असेल तर टीएससी एकाच वेगाने चालतो, तिकडे बघूच नका.

नेहमी कर्नल एचपीईटी किंवा पीएम टाइमर हे मदरबोर्डवरचे दुसरे टाइमर लावून दुसऱ्यांदा, जास्त वेळ घेऊन मोजतो. डीमेसेजमध्ये तेव्हा 'रिफाइन्ड' असा शब्द येतो. इथे तो नव्हता. वेळ मोजायला काय काय उपलब्ध आहे ते सांगणाऱ्या 'अव्हेलेबल क्लॉकसोर्स' या फाइलीतही दोन्हींची नावं नव्हती. चार कोअरपैकी एकच दिसत होता, तेव्हा संशय आला आणि लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबची ओळ उघडली: 'एसीपीआय=ऑफ'. म्हणजे हे टाइमर आणि बाकीचे कोअर कर्नलला दाखवून देणारी यंत्रणाच बंद. इन्स्टॉल करताना मशीन अडकलं म्हणून कुणीतरी घातलेलं, आणि तसंच राहिलेलं.

तो शब्द काढला, ग्रब अपडेट करून रीबूट केलं. मशीन अडकलं नाही, चारही कोअर दिसले आणि 'रिफाइन्ड'ची ओळ आली.

'टीएससी=रिलायेबल' घालायचा सल्ला खूप जण देतात. मी घालू देत नाही. त्याने माप सुधारत नाही, फक्त टीएससी चुकतोय का यावर नजर ठेवणारा कर्नलचा पहारेकरी घरी जातो. टीएससी खरोखरच अस्थिर असेल तर 'क्लॉकसोर्स=एचपीईटी' करा. वेळ वाचायला तो हळू आहे, पण वाचनालयाच्या कामाला पुरतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला बाईंनी फोन शेजारी धरून फोटो पाठवला. दोन्ही घड्याळांत सेकंदाचाही फरक नव्हता.