इंदूरहून एमएमओ निवडताना पैसे भरण्याआधी काय तपासायचं

नवा एमएमओ, म्हणजे हजारो लोकांनी एकाच जगात मिळून खेळायचा रोल-प्लेइंग गेम, बाजारात आला की पहिले दोन आठवडे सगळीकडे त्याचाच बोलबाला असतो. लोकमान्य नगरातल्या पाच मित्रांच्या गटाला एकत्र खेळायला गेम शोधायचा असेल, तर ‘सध्या कोण पुढे आहे’ या प्रश्नाचा फारसा उपयोग नाही. दोन वर्षांनी हा गेम चालू असेल का, आणि आपण ज्या वेळी बसतो त्या वेळी त्यात माणसं सापडतील का, हे विचारायला हवं. कंपन्यांची चढाओढ कशी चालते हे कळलं की या दोन्हींचा अंदाज बराचसा आधीच बांधता येतो.

सुरुवात अल्टिमा ऑनलाइन (1997) आणि एव्हरक्वेस्ट (1999) यांनी केली. नोव्हेंबर 2004 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (थोडक्यात ‘वॉव’) आला आणि ऑक्टोबर 2010 पर्यंत त्याचे वर्गणीदार 1 कोटी 20 लाखांवर गेले. मग त्याला पाडायला जो तो उतरला. स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक डिसेंबर 2011 मध्ये मासिक वर्गणीवर सुरू झाला आणि वर्षाच्या आत, नोव्हेंबर 2012 मध्ये, फुकट खेळता येऊ लागला. वाइल्डस्टार जून 2014 मध्ये आला, नोव्हेंबर 2018 मध्ये बंद पडला. न्यू वर्ल्डमध्ये सप्टेंबर 2021 मध्ये स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर, एका वेळी 9 लाखांहून जास्त लोक होते. काही महिन्यांत गर्दी इतकी ओसरली की सर्व्हर एकमेकांत मिसळावे लागले, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ‘आता नवा मजकूर येणार नाही’ अशी घोषणा झाली.

हे पुन्हा पुन्हा का होतं? स्टुडिओला जे डन्जन, म्हणजे गटाने मिळून पार करायची मोहीम, बनवायला महिने लागतात, ते खेळाडू एका शनिवार-रविवारात संपवतात. जुन्या गेमकडे दहा-पंधरा वर्षांचा साठा असतो, नव्याकडे चार-सहा आठवड्यांचा. शिवाय जुन्या गेममध्ये माणसाचं गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा कायमचा गट, असतो, ओळखी असतात. नवं जग बघून झालं की लोक आपल्या माणसांकडे परततात.

म्हणून पहिला नियम असा: नव्या गेममध्ये पहिले तीन महिने पैसे घालू नका, फुकट खेळता आला तर खेळा. तिसऱ्या महिन्यात दोन गोष्टी पाहा. पहिला मोठा अपडेट सांगितलेल्या तारखेला आला का? आणि सर्व्हर मर्ज होत असतील तर त्यासोबत आणखी काय चाललंय? नुसता मर्ज वाईट नाही. विरळ झालेल्या सर्व्हरवर तोच योग्य इलाज आहे. मर्ज, लांबलेला अपडेट आणि दुकानात अचानक आलेल्या मोठ्या सवलती ही तिन्ही एकत्र दिसली तर लांब राहा.

कंपनीची दानतही बघावी लागते. फायनल फँटसी 14 सप्टेंबर 2010 मध्ये आला तेव्हा साफ फसला होता. कंपनीने तो नोव्हेंबर 2012 मध्ये बंद केला, नव्याने बांधला आणि ऑगस्ट 2013 मध्ये पुन्हा उघडला. डिसेंबर 2021 मध्ये तिथे लॉगिनच्या रांगा इतक्या वाढल्या की कंपनीला काही काळ विक्रीच थांबवावी लागली. पडलेल्या गेमवर इतका खर्च करणारा मालक क्वचित भेटतो, आणि आमच्या मते कुठल्याही ट्रेलरपेक्षा ही गोष्ट जास्त बोलकी आहे. गेम बनवणारा एक आणि चालवणारा दुसरा असेल तर आणखी सावध राहा. चीनमध्ये वॉवचा स्थानिक करार संपला आणि जानेवारी 2023 मध्ये तिथले सर्व्हर बंद झाले. ते परत यायला 2024 उजाडलं.

आकडे वाचताना

जाहिरातीतले ‘इतके कोटी खेळाडू’ म्हणजे बहुतेक वेळा नोंदवलेली खाती असतात. एकदा उघडून सोडून दिलेलं खातंही त्यात मोजलं जातं. उपयोगाचा आकडा म्हणजे एका वेळी किती जण आत आहेत. स्टीम तो दाखवतं, पण तिथेही दोन खाचखळगे आहेत. वॉव स्टीमवर नाही, आणि फायनल फँटसीचे बरेच खेळाडू स्वतंत्र लाँचरमधून, म्हणजे स्टीमशिवाय गेम उघडणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममधून, येतात, त्यामुळे अशा गेमची स्टीमवरच्या आकड्यांशी तुलना चुकीचीच निघते. दुसरं म्हणजे बॉट, माणसाऐवजी प्रोग्रॅमने चालवलेली खाती. लॉस्ट आर्कने मार्च 2022 मध्ये 10 लाखांहून जास्त बॉट खाती एका फटक्यात काढली होती. म्हणून एका दिवसाचा आकडा धरू नका. सलग चार मंगळवारी रात्री साडेनऊचा आकडा वहीत लिहा. उतार दर आठवड्याला थोडा थोडा कमी होत असेल तर गेम स्थिरावतोय.

साडेनऊच का, हे नीट समजून घ्या, कारण इंदूरकरांची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. सराफ्यात दुपारी दोनला गेलात तर दागिन्यांची दुकानं, रात्री दहाला गेलात तर गराडू आणि मालपुवा. गल्ली तीच, माणसं वेगळी. सर्व्हरचंही तसंच आहे. आपल्याकडे साडेनऊ वाजतात तेव्हा सिंगापूरला मध्यरात्र झालेली असते आणि टोकियोत रात्रीचा एक वाजलेला असतो. तिथली गर्दीची वेळ आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच-साडेसहाला येते, म्हणजे आपण ऑफिसात किंवा क्लासमध्ये असतो तेव्हा. युरोपात उलट. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा झालेले असतात. सहापर्यंत घरी येणाऱ्याने आशियाई सर्व्हर घ्यावा, रात्री उशिरा बसणाऱ्याने युरोप. साडेनऊ ते साडेअकरा एवढाच वेळ असेल तर युरोपची संध्याकाळ नुकती सुरू होत असते, तेव्हा तिथे गट मिळण्याची शक्यता जास्त.

रीसेटच्या, म्हणजे रोजची कामं नव्याने सुरू होण्याच्या, वेळाही लिहून ठेवा. फायनल फँटसीची रोजची कामं आपल्या वेळेनुसार रात्री साडेआठला नवी होतात, हे आपल्या फार सोयीचं आहे. गिल्ड वॉर्स 2 मध्ये ती पहाटे साडेपाचला बदलतात, तर ईव्ह ऑनलाइन रोज दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद असतो.

पिंग मोजणे

पिंग म्हणजे आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. इंदूर ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण 3,850 किलोमीटर आहे. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे 200 किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन 38 मिलिसेकंद तर कुणीच वाचवू शकत नाही. टोकियो सुमारे 6,250 आणि फ्रँकफर्ट सुमारे 6,500 किलोमीटर, म्हणजे किमान 62 ते 65. प्रत्यक्षात केबल मुंबई किंवा चेन्नईवरून वळसे घेत जाते, म्हणून आकडा बऱ्याचदा याच्या दुप्पट होतो. तुमच्या इंटरनेटवाल्याचा मार्ग कसा जातो त्यावर जपान जवळ पडेल की युरोप हे ठरतं, आणि शेजारच्या घरी वेगळं कनेक्शन असेल तर त्याचा निकालही वेगळा येतो.

मोजायची रीत सोपी आहे. गेम चालू ठेवून विंडोजच्या स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा, खाली ‘टीसीपी कनेक्शन्स’मध्ये गेमचं नाव शोधा. त्या ओळीत लेटन्सी (म्हणजेच पिंग) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली माहिती) दोन्ही दिसतात. (टीसीपीऐवजी यूडीपी या दुसऱ्या पद्धतीने माहिती पाठवणारे गेम इथे दिसत नाहीत.) वॉवमध्ये तर खालच्या पट्टीतल्या मेन्यूच्या बटणावर माउस नेला तरी आकडा दिसतो. अर्धा तास बघा. सलग 180 असेल तर चालेल. 90 वरून मध्येच 400 होत असेल तर नाही चालणार, कारण हाताला एका उशिराची सवय होते, बदलत्या उशिराची होत नाही.

किती पिंग चालेल हे गेमच्या ठोक्यावर, म्हणजे सर्व्हर किती वेळाने एकदा हिशेब करतो त्यावर, ठरतं. ओल्ड स्कूल रूनस्केप 0.6 सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, ईव्ह एक सेकंदाच्या. तिथे 200 मिलिसेकंद सहज मावतात. फायनल फँटसीत मुख्य वार 2.5 सेकंदांनी होतो आणि मधल्या वेळात दोन छोट्या क्षमता वापरायच्या असतात. प्रत्येक कृतीनंतर हात साधारण 0.6 सेकंद अडकतो, त्यात पिंगची भर पडते. 200 पिंगला तीन कृतींचे 2.4 सेकंद होतात, जेमतेम बसतात. 250 ला 2.55 होतात आणि पुढचा वार उशिरा सुटतो. अशा वेळी मध्ये दोनऐवजी एकच क्षमता वापरा, नुकसान कमी होईल. माणसामाणसांच्या लढाईचा शौक असेल तर अल्बियन ऑनलाइनचा आशियाचा सर्व्हर निवडा. तो मार्च 2023 पासून सिंगापुरात आहे.

आकडा उड्या मारत असेल तर आधी घर तपासा. रंगपंचमीच्या गेरचे (मिरवणुकीचे) व्हिडिओ कुणाच्या फोनवरून क्लाउडवर चढत असतील तर अपलोडची वाट भरते आणि गेमची छोटी पाकिटं मागे अडकतात. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर गेमच्या मशीनला पहिला क्रम द्या, आणि वाय-फायऐवजी कॅट 6 ची नेटवर्क तार ओढा. पावसाळ्यात वीज पापणी लवावी तशी जाते-येते. जेल रोडला राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, पण घेताना अॅडॉप्टरवरचा आकडा सोबत लिहून न्या. 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागतो, नाहीतर राउटर चालू आणि इंटरनेट बंद.

पैसे

वॉव 20 व्या लेव्हलपर्यंत फुकट आहे. फायनल फँटसीची फुकट चाचणी ऑक्टोबर 2023 पासून 70 व्या लेव्हलपर्यंत आणि कितीही दिवस चालते, पण तिला मर्यादा आहेत, जसं की बाजारपेठ वापरता येत नाही आणि गिल (गेममधलं चलन) 3 लाखांच्या वर साठवता येत नाही. इथे एक चूक अनेकांची होते: सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून मूळ गेम विकत घेतात. एकदा घेतला की त्या खात्याची चाचणी कायमची संपते, आणि वर्गणी थांबली की आत जाताच येत नाही. 70 पर्यंत पोहोचून कथा आवडली याची खात्री होईपर्यंत घेऊ नका. स्टीमवर घेतलात तर पुढचे सगळे विस्तारही स्टीमवरच घ्यावे लागतात, हेही लक्षात असू द्या. गिल्ड वॉर्स 2 ला वर्गणीच नाही, त्यामुळे परीक्षेच्या काळात दोन महिने उघडला नाही तरी काही वाया जात नाही. विद्यार्थ्यांना आम्ही आधी हाच सुचवतो.

स्टीमवर पैसे परत मिळतात ते खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच. एमएमओत पात्र बनवण्यात आणि रांगेत तासभर सहज जातो आणि तोही धरला जातो. सुरू करताना घड्याळ बघा.

डॉलरमध्ये वर्गणी असेल तर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 15,000 रुपयांपर्यंतची आपोआप कपात दर वेळी ओटीपी न मागता होऊ शकते. आधी सूचना येते, पण ती मेसेजच्या गर्दीत हरवते. त्यामुळे वर्गणी ज्या दिवशी भराल त्याच दिवशी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करा. भरलेला महिना त्यामुळे तुटत नाही, 30 दिवस पूर्ण खेळता येतात.